सोलांजच्या ओळी

द्राक्षाची छाटणी कुणी केली हे आमच्या गावात विचारावं लागत नाही. काप पाहिला की कळतं. कुणी काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या, अगदी लगत कापतो, कुणी बोटभर लाकूड राखतो, कुणाचा काप तिरका, कुणाचा सपाट. मार्चच्या शेवटी एमील्याँ काठीच्या आधारानं लाव्हियेरच्या उतारावरच्या आपल्या बागेत चढला आणि पहिल्याच वेलीपाशी वाकला.

बारीक काड्यांवरचे काप त्याच्या बायकोचे, सोलांजचे होते. तिरके, स्वच्छ, डोळ्यापासून दूर उतरणारे. त्याच वेलीवरचं जाड जुनं लाकूड मात्र दुसऱ्या कुणीतरी कापलं होतं. तो काप उलट्या बाजूला उतरत होता. गावात डावखुरा छाटणारा एकच, लेओन्स.

दुसऱ्या वेलीवर तेच. तिसरीवरही तेच. एमील्याँ ओळ संपेपर्यंत पाहत गेला. एका वेलीवर दोन हात. म्हणजे ती दोघं ओळीच्या दोन बाजूंना समोरासमोर उभी असणार, मध्ये फक्त तार. आणि हे एखाद्या दिवशी नव्हे. अर्धी बाग अशीच होती. मधल्या खांबापासून पुढचे काप तर सगळेच लेओन्सचे.

डिसेंबरात तळघराच्या पायरीवरून घसरून एमील्याँचा घोटा मोडला होता. जानेवारीभर तो पाय प्लास्टरात घालून चुलीपाशी बसून होता आणि छाटणी सोलांजवर पडली होती. तिचं हृदय आधीच थकलेलं. डॉक्टरांनी थंडीत बाहेर पडू नको म्हणून सांगितलं होतं, तिनं ते कानाआड केलं. सकाळची कॉफी झाली की निघायची, दुपारी लाल नाक घेऊन परत यायची, अंगाला जाळलेल्या काड्यांचा वास. एमील्याँ रोज विचारायचा, एकटीला जमतंय ना? ती म्हणायची, "एकटीला नाही तर काय, पाद्री येणार आहे कात्री घेऊन?" आणि तो हसायचा. फेब्रुवारीत एका दुपारी ती बटाटे सोलता सोलता टेबलावर कलंडली ती पुन्हा उठली नाही.

तेव्हापासून तो वर आलाच नव्हता. अर्धी बाग छाटायची राहिली असेल, आता कुणाला तरी मजुरीनं बोलवावं लागेल, असं धरूनच तो आला होता. आणि बाग तर पूर्ण झालेली. लेओन्सनं उरलेल्या ओळी मार्चमध्ये, ती गेल्यावर, कुणाला न सांगता उरकल्या होत्या.

दुसरा कुणी असता तर एमील्याँनं आभार म्हणून त्याच्या घरी डुकराची मांडी पोचवली असती. पण हा लेओन्स होता. तरुणपणी काढणीच्या जेवणात सोलांज आधी त्याच्याबरोबर नाचली होती, आणि मग एमील्याँबरोबर. लग्न तिनं एमील्याँशी केलं. लेओन्सनं कुणाशीच केलं नाही. एवढं एमील्याँला आयुष्यभर पुरलं होतं. रस्त्यात लेओन्स दिसला की तो मोठ्या मनानं हात करायचा. जिंकलेल्या माणसाला मोठं मन परवडतं. आता त्याला वाटलं, तिच्या शेवटच्या सगळ्या सकाळी याच्याकडे आणि माझ्या वाट्याला दुपारचं सूप. आणि दोघांनीही तोंडातून अक्षर काढलं नाही.

त्यानं लेओन्सला काही विचारलं नाही. बोलणं बंद केलं. बेकरीत लेओन्स दिसला की हा बाहेर थांबायचा, पाव मऊ का कडक याची फिकीर न करता शेवटी उरलेला घ्यायचा. गावानं म्हटलं, बायको गेली, माणूस कडू झालाय. एमील्याँनं म्हणू दिलं.

मनात त्यानं एकच गोष्ट धरली. त्या अर्ध्या बागेची वाइन ही सोलांजच्या हातची शेवटची वाइन. जाड लाकूड त्यानं कापलं असेल, पण कुठली काडी ठेवायची आणि कुठली काढायची हे तिनं ठरवलंय, आणि घड काडीवर येतो. त्या ओळींचं निदान एक पिंप वेगळं भरायचं. उरलेल्या, लेओन्सनं छाटलेल्या ओळींचं काय व्हायचं ते होवो.

मार्च सरताना ऊन फार लवकर तापलं. जानेवारीत छाटलेल्या ओळी फुटल्या. एप्रिलच्या मध्यावर सोलांजच्या वेलींना दोन-दोन पानं आली, हिरवी, कोवळी, कडेला गुलाबी. खांबापलीकडच्या ओळी अजून झोपलेल्या, डोळ्यांवर कापसासारखी लव. उशिरा छाटलं की वेल उशिरा उठते, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. पण एमील्याँला त्या दोन हिरव्या पानांचा अभिमान वाटला. बघा, तिची बाग आधी उठली.

मग उत्तरेचा वारा पडला, आभाळ काचेसारखं झालं, आणि रेडिओवर दवाच्या बर्फाचा इशारा आला.

लाव्हियेरची वरची बाग एमील्याँची, तिच्या खालची लेओन्सची. अशा पहाटे वरचा माणूस उबेसाठी मेण भरलेल्या बादल्या पेटवतो, उजाडताना ओला पेंढा जाळतो, आणि धूर उतारानं खालच्यावरही पसरतो. गारठलेल्या फुटव्यावर एकदम ऊन पडलं की तो भाजून निघतो, धुरानं ऊन गाळलं जातं. पेंढा खालच्यानं द्यायचा, आग वरच्यानं लावायची, असा त्या दोन बागांचा बापजाद्यांपासूनचा रिवाज. लेओन्सनं त्या वर्षीही ट्रॅक्टरमधून पेंढ्याचे गठ्ठे आणून बागेच्या तोंडाशी टाकले आणि न बोलता निघून गेला.

एमील्याँची मुलगी मिरेय दिजाँहून मदतीला आली होती. बाप गठ्ठे जाळायच्या जागी न नेता बागेच्या खालच्या हद्दीवर एकावर एक रचतोय, हे तिनं थोडा वेळ पाहिलं.

"बाबा, भिंत कसली बांधतोस?"

"धूर माझा आहे. तो खाली कशाला जायला हवा?"

"अरे पण खालून वाट बंद केलीस तर थंडी कुठून जाणार? थंडी पाण्यासारखी उतरते असं तूच मला शिकवलंस ना."

एमील्याँ म्हणाला, तुला दिजाँत ऑफिसात बसून फार कळायला लागलंय, गठ्ठा धर. तिनं धरला. बापाला कुठं दुखतंय हे तिला ठाऊक नव्हतं, पण दुखतंय एवढं दिसत होतं.

पहाटे त्यानं बादल्या पेटवल्या. वरच्या अंगाला ज्वाळा सरळ उभ्या राहिल्या, वाऱ्याचा टिपूस नाही. आणि डोंगरावरून थंडी उतरत आली, ओळींमधून घरंगळत खाली गेली, पेंढ्याच्या भिंतीला अडली आणि बांधामागं पाणी साचावं तशी साचली. एमील्याँ भिंतीपाशी गेला तेव्हा त्याच्या गुडघ्यापर्यंत गार होतं आणि तोंडाशी तेवढं नव्हतं. त्याला तिथंच कळलं. त्यानं गठ्ठे ओढून पाडायला सुरुवात केली, मिरेयही धावली, पण पेंढा दवानं जड झाला होता आणि त्याचा घोटा साथ देईना. जेमतेम एक खिंडार पडलं तोवर डोंगरामागून ऊन आलं.

दुपारपर्यंत सोलांजच्या ओळींवरची पानं आधी काचेसारखी पारदर्शक झाली, मग काळपट लोंबली. बोटानं चोळली तर पीठ होत होतं. उतारावरच्या अगदी वरच्या थोड्या वेली तेवढ्या तगल्या. खांबापलीकडे लेओन्सनं मार्चात छाटलेल्या ओळी तशाच झोपलेल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं. आणि भिंतीखाली, लेओन्सच्या स्वतःच्या बागेत, दर वर्षी जिथं सगळ्यात जास्त जळतं तिथं, या वर्षी जवळजवळ काहीच जळलं नव्हतं. सगळी थंडी वर अडकून राहिली होती.

लेओन्स वर आला. त्यानं भिंत पाहिली, खिंडार पाहिलं, सोलांजच्या ओळी पाहिल्या. टोपी काढून डोकं खाजवलं.

"तुझ्या भिंतीनं माझं वाचलं. आभार मानू की नको, कळेना."

"नको," एमील्याँ म्हणाला.

लेओन्स खाली गेला. एमील्याँ तिथंच एका गठ्ठ्यावर बसून राहिला. निसर्गाला शिव्या घालाव्यात तर भिंत निसर्गानं बांधली नव्हती. आणि जे उरलं होतं ते सगळं त्या माणसाच्या हातचं.

पण वेलीच्या डोळ्यात एक दुसरा डोळा दडलेला असतो. पहिला मेला की तो फुटतो, उशिरा आणि चिडल्यासारखा, आणि घड देतो ते तोकडे. मेच्या मध्यावर सोलांजच्या काळ्या पडलेल्या काड्यांवर हे दुसरे फुटवे आले. एमील्याँ रोज संध्याकाळी वर जाऊन ते पाहायचा. जूनमध्ये कोरड्या, शांत हवेत खांबापलीकडच्या ओळींना मोहोर धरला, तोही असा दाट की वाटसरू थांबून वास घेत. सोलांजच्या ओळींना बोटावर मोजावेत एवढे घड. ती दाट बाग त्याच्या डोळ्यात खुपायची. त्यानं तिथली पानं विरळ करायची टाळली, मग स्वतःचीच लाज वाटून केली.

जुलैत पाऊस नाही. ऑगस्टात दगड तापून रात्रीही गार होईनात. खांबापलीकडची द्राक्षं भराभर गोड होत गेली, आंबटपणा सुटत गेला. सोलांजची अजून हिरवी, टणक, वाटाण्याएवढी. सप्टेंबर लागताच मिरेय रजा काढून आली. म्हणाली, सगळं एकदम काढूया, थोडी आंबट द्राक्षं त्या गोडात मिसळली तर बरंच होईल, या वर्षी सगळ्यांचीच वाइन जड होणार आहे. बोलणं शहाणपणाचं होतं. एमील्याँनं फक्त खांबापलीकडचं काढलं.

"आणि आईचं?"

"तिचं तिच्या वेळेला."

"पाऊस येतोय, बाबा. कुजेल सगळं."

"कुजेल ते मी काढीन."

पाऊस आला, तीन वर्षांचा साठवून ठेवल्यासारखा. एमील्याँ मेणकापडाचा कोट घालून रोज वर जायचा आणि सोलांजच्या घडांतले नासके मणी बारीक कात्रीनं एकेक काढायचा, केसांतल्या उवा काढाव्यात तसे. गाव काढणीचं जेवण जेवून मोकळं झालं, तो गेला नाही. लेओन्स रस्त्यानं जाताना थांबला आणि म्हणाला, इतकी वाट पाहून सॅलडवर ओतायला व्हिनेगर चांगलं होईल. एमील्याँनं मान वर केली नाही. लेओन्सनं पाठ फिरवल्यावर मात्र त्याला त्याचं पुटपुटणं ऐकू आलं, की खालच्या ओळीत उजवीकडं एक घड सुटलाय, तो बघ. बघितला तर खरंच सुटला होता. त्याला त्याचाही राग आला.

सप्टेंबर संपता संपता, पानं पिवळी पडल्यावर, बापलेकीनं सोलांजच्या ओळी काढल्या. रस निघाला तो घरातल्या सगळ्यात लहान पिंपात मावला. एमील्याँनं त्यावर खडूनं तिचं नाव लिहिलं आणि ते तळघराच्या कोपऱ्यात, मोठ्या पिंपांपासून लांब ठेवलं. आंबायला लागलं तेव्हा तो भोकाला कान लावून बसायचा. आत बारीक सरसर चालायची. मिरेय फोनवर विचारायची, काय म्हणतंय? तो म्हणायचा, कुरकुरतंय.

पिंप म्हणजे लाकूड, आणि लाकूड पितं. आठवड्याला थोडी थोडी वाइन उडून जाते, वर पोकळी राहते, आणि पोकळीत हवा शिरली की वाइन बिघडते. म्हणून दर आठवड्याला पिंप तोंडापर्यंत भरायचं, त्याच वाइननं. मोठी पिंपं एकमेकांच्या जिवावर भरता येत होती. सोलांजच्या पिंपाला जोडीदार नव्हता. त्या ओळींची दुसरी वाइन जगात कुठंच नव्हती.

यावर जुन्या लोकांची युक्ती असते. एमील्याँनं माळ्यावरून मिरेयच्या लहानपणच्या काचेच्या गोट्या काढल्या, उकळल्या, आणि दर रविवारी मूठभर पिंपात सोडून पातळी वर आणली. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. गोट्या संपल्या. आणखी विकत आणता आल्या असत्या, पण अशानं पिंपात वाइनपेक्षा काच जास्त व्हायची. आता दोनच वाटा. मोठ्या पिंपातली, लेओन्सनं छाटलेल्या ओळींची वाइन यात ओतायची, नाहीतर सोलांजचं व्हिनेगर होताना पाहत बसायचं. तीन रविवार तो नुसता पाहत बसला. जीभ अजून काही सांगत नव्हती, पण नाकाला धोका कळायला लागला होता.

सोलांजच्या वर्षश्राद्धाची प्रार्थना झाली त्या सकाळी लेओन्स चर्चमधून थेट तळघरात आला. हातात कागदात गुंडाळलेले गरम गुजेर, चीजचे छोटे फुगीर पाव. बोलावलं नव्हतं. मिरेय मागून आली, दोघांकडं पाहिलं, आणि सूप बघते म्हणून वर गेली.

लेओन्सनं पिंपावरचं नाव वाचलं. म्हणाला, चाखू देशील?

एमील्याँच्या मनात आलं, याला पेलाभर दिली की पातळी पेलाभर उतरणार, आणि मग भरण्यावाचून गत्यंतर नाही. याला चाखवायचं म्हणजे याचीच वाइन आत घ्यायची. आणि मग वर्षभर तोंडात धरलेलं बाहेर आलं.

"तिच्याबरोबर जानेवारीभर होतास. मला सांगितलं नाहीस."

लेओन्स नाही म्हणाला नाही. पिंपाच्या कडेवर टेकला. सोलांजनंच शपथ घातली होती, त्यानं सांगितलं. तिचा हात वर जात नव्हता, जाड लाकडावर कात्री मिटत नव्हती. म्हणाली, एमील्याँला कळलं तर कुबड्या घेऊन वर येईल आणि दुसराही पाय मोडून घेईल. तेव्हा त्यानं कापायचं आणि तिनं दाखवायचं. उरलेली बाग त्यानं नंतर छाटली, कारण अर्धी छाटलेली बाग तिला सोसली नसती.

"आणि महिनाभर तुम्ही काय बोलत होतात?"

"तुझ्याबद्दल."

एमील्याँनं वळून त्याच्याकडं पाहिलं.

"हसू नकोस," लेओन्स म्हणाला, खरं तर एमील्याँ हसत नव्हता. "सगळा महिना मी तुझा पाय ऐकला. तुझं घोरणं ऐकलं. सूपमध्ये मीठ कमी म्हणून तू कसा तोंड वाकडं करतोस आणि तरी दोन वाट्या पितोस, ते रोज ऐकलं. एवढ्या वर्षांनी ती माझ्यासमोर हातभर अंतरावर उभी, आणि बोलतेय कुणाबद्दल? तू जळतोस म्हणे. मी तर म्हातारा झालो जळून, तू आत्ता सुरुवात केलीस."

वरून मिरेयच्या पावलांचा आवाज आला आणि थांबला. एमील्याँनं फळीवरचा एक पेला घेतला, काचेची नळी पिंपात सोडली, वर अंगठा दाबून बाहेर काढली आणि पेल्यात मोकळी केली. पेला त्यानं लेओन्सला दिला. लेओन्सनं तो दिव्यासमोर धरला, चाखला, आणि बराच वेळ तोंडात ठेवून गिळला.

"कशी आहे?"

"आंबट."

"तेवढंच?"

"दात शिवशिवतात. पण सरळ आहे, कुठं वाकडी नाही. या वर्षी सगळ्यांच्या वाइनी उन्हानं सुजल्यात, माझीसुद्धा. ही नाही." त्यानं पेला पुढं केला. "सोलांज म्हणशील तर मला लागली नाही. मला एप्रिल लागला."

एमील्याँनं उरलेली त्याच पेल्यातून प्यायली. इतके दिवस तो प्रत्येक घोटात बायको शोधत होता आणि सापडत नव्हती म्हणून जिभेला दोष देत होता. आताही नव्हती. पहाटेची थंडी होती, दुसऱ्या फुटव्याचा हट्ट होता, सप्टेंबरचा पाऊस होता. आणि भिंत होती, तीही लागत होती.

त्यानं पिंपात वाकून पाहिलं. पोकळी आता स्पष्ट दिसत होती. तो मोठ्या पिंपाकडं गेला, नळी भरली आणि वर अंगठा दाबून परत आला. लेओन्सनं मदतीला हात पुढं केला.

"हात नको लावू. हे मी करणार."

लेओन्सनं हात मागं घेतला. एमील्याँ नळी भोकावर धरून उभा राहिला. मग त्यानं अंगठा उचलला. सोनेरी, जाड वाइन आत गेली. त्यानं आणखी एक नळी आणली, आणखी एक, भोकाशी ओल चमकेपर्यंत. मग बूच बसवून हातोडीचा एक ठोका दिला.

"पुढच्या रविवारी पुन्हा उतरेल," लेओन्स म्हणाला.

"मला ठाऊक आहे."

"येऊ?"

एमील्याँनं हातोडी फळीवर ठेवली. नाही म्हणणं जिभेवर तयार होतं, वर्षभर घासून धारदार केलेलं.

"ये. पण फुकट चाखायला नाही. जानेवारीतला एकेक दिवस सांगायचा. ती काय म्हणाली, कशी म्हणाली, सगळं. स्वतःसाठी काही मागं ठेवायचं नाही."

"सगळं?"

"सगळं. ते माझं आहे."

लेओन्सनं गुजेरचा कागद उघडला, एक मोडलं आणि अर्धं त्याच्यापुढं धरलं. एमील्याँनं घेतलं. लेओन्स उलट्या टोपलीवर बसला आणि म्हणाला, पहिल्या दिवशी धुकं इतकं होतं की आधी तिचा खोकला ऐकू आला आणि मग ती दिसली.

"खोकत होती?" एमील्याँ म्हणाला. "मला नाही म्हणाली."

"ऐक तर," लेओन्स म्हणाला.